जे ऐकूच येत नाही, त्यावर पोट कसं भरणार?

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सतरा वर्षांची, अभ्यासात बरी. तीन वर्षं बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची गिटार) वाजवते आणि आता पुढचं शिक्षण सोडून पूर्ण वेळ हेवी मेटल बँडमध्ये जायचं म्हणते. ते लिहितात, ‘गायिका व्हायचंय म्हणाली असती तर समजून घेतलं असतं. साधी गिटार म्हणाली असती तरी चाललं असतं. पण हा बेस मला गाण्यात ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही, त्यावर पोट कसं भरणार? शिवाय तो गोंगाट, ती व्यसनं.’

नमस्कार,

बेस ऐकू येत नाही यात तुमच्या कानांचा दोष नाही. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो सूर झेपत नाही. त्यात मेटलचे गिटारवाले तारा सैल करून, सूर उतरवून बेसच्याच जागेत घुसतात. खुद्द मेटालिका या गाजलेल्या मेटल बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये बेस इतका दाबला गेलाय की चाहते आजही त्यावरून भांडतात. त्यावर वाजवणारा जेसन न्यूस्टेड तेव्हा बँडमध्ये नवा होता. मिक्सिंगच्या टेबलावर, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं हे ठरतं तिथे, नव्या माणसाचा आवाज किती चालतो, हे तुमच्या मुलीला लवकर कळलेलं बरं.

तेव्हा मी ‘ऐकू येतं का’ हा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच विचारेन: गाणी कोण लिहितं? बँडमध्ये पैसा दोन वाटांनी येतो. एक वाजवण्याचा: कार्यक्रमाचं मानधन, टी-शर्टची विक्री. दुसरा गाण्याच्या हक्काचा, आणि तो ज्याच्या नावावर गाणं आहे त्यालाच मिळतो. वाजवणं थांबलं की पहिला आटतो, दुसरा वर्षानुवर्षं झिरपत राहतो. आयर्न मेडन हा मेटल बँड १९७५ साली लंडनमध्ये उभा केला तो स्टीव्ह हॅरिसने, आणि तो बेसिस्ट, म्हणजे बेस वाजवणारा. बँडची बहुतेक गाणीही त्याचीच. ब्लॅक सॅबथ या बँडची सुरुवातीची बहुतेक गीतं लिहिली गीझर बटलरने. तोही बेसिस्ट, आणि त्याआधी हिशेबनिशीचं काम शिकत होता! तुमच्या मुलीने स्वतःची किती गाणी रचली आहेत, हे विचारा. ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर अजून ती दुसऱ्याच्या गाडीत बसलेली आहे. त्यात वाईट काही नाही, पण गाडी विकली गेली तर तिला वाटा मिळणार नाही. दोन-तीन गाणी असतील, तर ती कोणाच्या नावावर हे आजच, मैत्री शाबूत असताना, कागदावर लिहून घ्यायला सांगा. पोरं याला लाजतात. पुढे वकिलांकडे जायला लाजत नाहीत.

बेसिस्ट रॉबर्ट त्रुहियोला २००३मध्ये मेटालिकात घेताना दहा लाख डॉलर आगाऊ मिळाले होते. हा आकडा तिला सांगू नका, पाठच असेल. त्याआधी त्याने चौदाएक वर्षं इतर बँडमध्ये आणि गायक ऑझी ऑस्बोर्नसोबत घासली, तेवढं मात्र जरूर सांगा.

बहुसंख्य मेटल वादक दुसरं काहीतरी काम करतात आणि रजा टाकून दौऱ्यावर जातात. इथे बेसिस्टची बाजू थोडी बरी आहे. गिटारवाले ढिगाने मिळतात, ड्रमरशी घट्ट बसणारा बेसिस्ट शोधावा लागतो. त्यामुळे एकच माणूस दोन-तीन बँड, स्टुडिओतलं वादन, शिकवण्या असं जुळवू शकतो. अट एकच, फक्त मेटल वाजवून चालणार नाही. वाद्यांशी जोडलेली कामंही असतात. २००२मध्ये मेगाडेथ हा बँड थांबल्यावर त्याचा बेसिस्ट डेव्हिड एलेफसन पीव्ही या अँप्लिफायरच्या कंपनीत नोकरीला होता. म्हणून माझं मत: शिक्षण सोडू नये, पण संध्याकाळ मोकळी राहील असं निवडावं. ध्वनिमुद्रण, इलेक्ट्रॉनिक्स, हिशेब, काहीही.

व्यसनांची तुमची भीती खोटी नाही. पण तिचं मूळ मला संगीतापेक्षा रिकाम्या वेळात दिसतं. दौऱ्यावरचा दिवस म्हणजे गाडीतला प्रवास, अँप्लिफायर उतरवणं, साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी), मग तासन्‌तास वाट पाहणं, आणि तासभर वादन. त्या मधल्या वेळात माणूस काय करतो यावर सगळं ठरतं. तुमची मुलगी कंटाळली की काय करते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गोंगाटाबद्दल मात्र मी तुमच्याही पुढे जाईन. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कामाच्या ठिकाणी सांगितली जाणारी मर्यादा. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. बंद खोलीतल्या मेटलच्या सरावात एवढा आवाज सहज होतो आणि बेसिस्ट बहुधा ड्रमरच्या झांजांना चिकटून उभा असतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही. मान आणि मनगटाचंही तसंच. न्यूस्टेडने २००१मध्ये बँड सोडताना एक कारण दिलं ते इतक्या वर्षांच्या वादनाने शरीराच्या झालेल्या हानीचं.

आता तुम्ही काय करायचं? मेटालिकाचा न्यूस्टेडच्या आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन. लहानपणी पियानो शिकलेला, शाळेनंतरही संगीताचे वर्ग केलेला. १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात चोविसाव्या वर्षी गेला. त्याच्या आईने पुढे एका मुलाखतीत घरातला करार सांगितला होता: चार वर्षं भाडं आणि जेवण आम्ही बघू, तोवर थोडीदेखील प्रगती दिसली नाही, तर दुसरं काम शोधायचं. एवढा शहाणा करार मी फार कमी घरांत पाहिलाय. त्यात ‘हो’ आहे आणि तारीखही आहे. तुम्ही शिक्षण चालू ठेवण्याची अट घाला आणि बाकी तसाच करा. ‘प्रगती’ म्हणजे काय, हे मात्र दोघांनी मिळून ठरवा: वर्षाला अमुक गाणी, अमुक कार्यक्रम, मेट्रोनोमवर (ठरावीक लय टिकटिकणाऱ्या यंत्रावर) न घसरता वाजवलेलं एक रेकॉर्डिंग.

आणि ती वाटाघाटीला बसण्याआधी, याच आठवड्यात, वादकांसाठीचे इअरप्लग आणून द्या. एक जोड स्वतःसाठीही घ्या. सरावाला एकदा तुम्हीही जाऊन बसा, आणि मधेच एका गाण्यात तिला बेस बंद करायला सांगा.