डॅलसच्या ऑफरवर सही करण्याआधी

अमेय, नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हिंजवडीतली नोकरी सोडून एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर डॅलसजवळच्या एका कन्सल्टिंग कंपनीत यायचं आहे. करारात आर्बिट्रेशनचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याचं कलम आहे, लवकर नोकरी सोडली तर भरपाई द्यायचं कलम आहे. उद्या कंपनीने किंवा एखाद्या बँकेने गळा कापला, तर इथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात बाहेरून आलेल्या माणसाचं कोणी ऐकतं का? मी डॅलसमध्ये नोकरदारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिली ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. वकील नाही, त्यामुळे तुमच्या कराराचा अर्थ वकिलाकडूनच लावून घ्या. पण न्यायाधीश कशावर निकाल देतात ते रोजच्या कामात पाहते, ते सांगते.

पासपोर्टची भीती आधी मनातून काढा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतला भेदभाव रोखणारा भाग, अमेरिकेत काम करणाऱ्या परदेशी नागरिकालाही लागू आहे. फेडरल जिल्हा न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि नेमणूक तहहयात असते. टेक्ससच्या राज्य कोर्टांतले न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, फेडरल न्यायाधीशाला मतं मागायची नसतात. माझ्या पाहण्यात तरी ही माणसं कागद बारकाईने वाचतात.

अडचण वेगळीच आहे. आपल्या मनात प्रश्न असतो की माझ्यावर अन्याय झाला की नाही. न्यायाधीशापुढचा प्रश्न त्याहून खूप अरुंद असतो. टेक्ससमध्ये नोकरी ‘ॲट-विल’ असते, म्हणजे कारण न देता, उद्धटपणे, मूर्खपणानेसुद्धा काढता येतं. कायदा फक्त काही कारणं वर्ज्य मानतो: वंश, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व, किंवा तक्रार केल्याचा सूड. तुमचा मॅनेजर वाईट वागला हे शंभर टक्के सिद्ध केलंत आणि ‘का’ हे दाखवता आलं नाही, तर दावा पडतो. इथे भलीभली शिकलेली माणसं कोलमडलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगते.

त्याआधी तारखा. थेट कोर्टात जाता येत नाही, प्रथम ईईओसी या सरकारी आयोगाकडे तक्रार लागते. मुदत १८० दिवस, राज्याचीही अशी संस्था असेल तर ३००. टेक्ससमध्ये ती आहे, तरी राज्याच्या कायद्याखालची मुदत १८०च असल्यामुळे आम्ही सगळ्यांना १८० च सांगतो. आयोगाचं ‘दावा करण्याच्या हक्काचं’ पत्र आलं की ९० दिवसांत कोर्टात जायचं. ९१व्या दिवशी आलेल्या माणसाची कहाणी कितीही खरी असली तरी बहुतेक वेळा ती ऐकलीच जात नाही.

दावा दाखल झाला की कंपनी पहिला अर्ज करते तो डिसमिस करण्याचा. २००७ आणि २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या ट्वॉम्ब्ली आणि इक्बाल या निकालांपासून नुसतं ‘माझ्याशी भेदभाव झाला’ लिहून भागत नाही. कोणी, कधी, काय केलं हे दावा पटण्याजोगा वाटेल इतपत लिहावं लागतं. तिथून पुढे गेलात तर मेल्स, रेकॉर्ड, शपथेवरच्या जबान्या यांची देवाणघेवाण होते. आणि मग येतो खरा घाट: समरी जजमेंट. कंपनी म्हणते की ज्युरीपुढे जाण्यासारखा वादच नाही, न्यायाधीशांनी कागदांवरूनच निकाल द्यावा. फेडरल दिवाणी दाव्यांपैकी शंभरातला एखादाच सुनावणीपर्यंत पोहोचतो. बाकीचे इथे किंवा त्याआधी निकाली निघतात, नाहीतर तडजोडीत मिटतात.

समरी जजमेंटला न्यायाधीश बहुधा १९७३ च्या मॅकडॉनल डग्लस खटल्याची पद्धत वापरतात. तुम्ही प्राथमिक चित्र उभं करायचं. कंपनीने एक वैध कारण सांगायचं, उदाहरणार्थ कामगिरी कमी पडली. मग ते कारण दिखाऊ आहे हे तुम्ही दाखवायचं. सगळं वजन या तिसऱ्या पायरीवर असतं. मार्चमध्ये ‘उत्तम’ शेरा, एप्रिलमध्ये तुमची एचआरकडे लेखी तक्रार, मे महिन्यात अचानक सुधारणा-योजना आणि जूनमध्ये नारळ, असा क्रम कागदावर असेल तर न्यायाधीश थबकतो. तीच तक्रार तुम्ही कॅन्टीनमध्ये तोंडी केली असेल तर ती झाली होती की नाही यावरच वाद सुरू होतो.

कुठल्या सर्किटमध्ये, म्हणजे कुठल्या फेडरल अपील कोर्टाच्या विभागात आहात यानेही फरक पडतो. टेक्सस पाचव्या सर्किटमध्ये येतं. इथे अनेक दशकं नोकरीवर घेणं, काढणं, बढती, पगार अशा ‘अंतिम’ निर्णयांवरच दावा टिकायचा. डॅलस काउंटीच्या तुरुंगातल्या महिला रक्षकांना पुरुषांसारखी पूर्ण शनिवार-रविवारची सुट्टी मिळत नव्हती, आणि त्यांचा दावा याच नियमाने फेटाळला गेला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने तो नियमच मोडीत काढला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मल्ड्रो खटल्यात बदलीबाबतही ‘थोडंसं नुकसान’ पुरेसं मानलं. हा बदल मोठा आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

उलट दिशेचंही सांगते. इथल्याच साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरवर मध्यपूर्वेतल्या वंशाच्या एका डॉक्टरने दावा लावला. ज्युरीने तीस लाख डॉलरहून जास्त नुकसानभरपाई दिली. कायद्यात कमाल मर्यादा ३ लाख असल्यामुळे न्यायाधीशांनी ती तेवढ्यावर आणली. आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूडाच्या दाव्यासाठी आणखी कडक कसोटी लावून निकालच माघारी पाठवला. इथल्या मोठ्या आकड्यांच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.

आता आर्बिट्रेशन. तुमच्या करारात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. १९२५ च्या लवाद कायद्यानुसार न्यायाधीश साधारणपणे एवढंच पाहतो की सही झाली का आणि हा वाद त्या कलमात बसतो का. बसत असेल तर खटला स्थगित आणि तुम्ही लवादापुढे. ज्युरी नाही, अपील जवळजवळ नाही. २०१८ च्या एपिक सिस्टिम्स निकालामुळे सहकाऱ्यांबरोबर एकत्र दावा करण्याचा हक्कही अशा कलमाने जाऊ शकतो. पोर्टलवरची क्लिक ही सहीच. लैंगिक छळाच्या दाव्यांना मात्र २०२२ च्या कायद्याने यातून सूट आहे. काही करारांत ३० दिवसांत लेखी कळवून या कलमातून बाहेर पडता येतं. तुमच्या करारात तसं वाक्य आहे का, ते आजच शोधा.

एकत्र दाव्यात किती ताकद असते याचं उदाहरण आपल्या माणसांचंच आहे. भारतातून पाठवलेल्या कर्मचाऱ्यांकडून अमेरिकन टॅक्स रिफंडचे चेक लिहून घेतले जात, म्हणून टाटा कन्सल्टन्सीवर उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात २००६ मध्ये दावा झाला. वाद भारतात लवादापुढे न्यावा ही कंपनीची मागणी मान्य झाली नाही, न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हजारो कर्मचाऱ्यांना एक वर्ग म्हणून मान्यता दिली, आणि २०१३ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातल्या एकट्या-दुकट्याने हे केलं असतं असं मला वाटत नाही.

नोकरी सोडल्यास भरपाई या कलमाचं: एच-वन-बीच्या नियमांत प्रत्यक्ष नुकसानीचा वाजवी अंदाज चालतो, दंड चालत नाही, आणि अर्जाची वकील-फी हा कंपनीचा धंद्याचा खर्च धरला जातो. ब्रुकलिनच्या न्यायाधीश नीना गेर्शन यांनी २०१९ मध्ये फिलिपिन्सहून आणलेल्या नर्सेसच्या करारातलं २५,००० डॉलरचं कलम दंड ठरवून रद्द केलं. ती धमकी मानवी तस्करीविरोधी कायद्याचाही भंग ठरली. रकमेचा हिशोब कंपनीकडे लेखी मागा. नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी करारातली बंदी फेडरल व्यापार आयोग देशभर उठवणार होता, पण डॅलसच्याच न्यायाधीश ॲडा ब्राउन यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. म्हणून ते कलमही नीट वाचा.

बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसवून पगार थांबवला तर जिल्हा कोर्टात धावू नका. एच-वन-बीच्या पगाराच्या नियमाखाली खासगी दावा न्यायाधीश बहुतेक फेटाळतात. १२ महिन्यांच्या आत श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार करायची. आणि नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दावा चालू आहे म्हणून व्हिसा मिळत नाही. हे वहिनींनाही सांगून ठेवा, कारण घर, शाळा सगळं त्या ६० दिवसांवर टांगलेलं असतं.

बँकेचं म्हणाल तर पुण्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण स्वतः अर्ज घेऊन जातो, तशी सोय फेडरल पातळीवर नाही. इथे ज्याचा खरा त्रास होतो तो क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद. पाटील, जोशी, शिंदे या नावांचे अनेकजण असतात आणि दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चढतं. अशा वेळी फक्त बँकेला फोन करून थांबू नका. ही नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे, लेखी हरकत घ्या. ब्युरोकडून कळवलं गेल्यावरच बँकेवर अशी तपासणीची जबाबदारी येते जिच्या भंगाबद्दल तुम्ही दावा करू शकता. फक्त बँकेशी भांडलेल्या लोकांचे दावे न्यायाधीश याच एका कारणाने काढून टाकतात. ब्युरोला साधारण ३० दिवसांत तपासणी करावी लागते.

नुकसानही दाखवावं लागतं. ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोने नुसतं नाव जुळलं म्हणून ८,१८५ लोकांच्या फायलींवर संशयित दहशतवाद्यांच्या यादीची खूण केली होती. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्यांचा रिपोर्ट बाहेर कोणाला गेला त्या १,८५३ जणांनाच त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येईल. तेव्हा घर किंवा गाडीचं कर्ज नाकारल्याचं पत्र आलं तर रागाने फाडू नका. कोर्टात तोच तुमचा पुरावा असतो.

खर्चाची चिंता थोडी कमी ठेवा. इथे हरलेल्याने दुसऱ्याचा वकील-खर्च द्यायचा अशी सर्वसाधारण रीत नाही, पण भेदभाव, ओव्हरटाइम आणि क्रेडिट रिपोर्टच्या कायद्यांत जिंकलेल्या फिर्यादीची वकील-फी प्रतिवादीवर पडते. म्हणूनच आमच्यासारखी ऑफिसं पगारदार माणसाचं काम घेऊ शकतात.

रुजू व्हायच्या दिवसापर्यंत एलसीएची, म्हणजे एच-वन-बीसाठी कंपनीने श्रम खात्याकडे भरलेल्या अर्जाची प्रत तुम्हाला देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्यात तुमचा पगार आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. ऑफर लेटर, सगळ्या पे-स्लिप्स आणि ती प्रत ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, स्वतःच्या मेलवर ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी पाठवू नका, कंपनी त्यावरूनच उलटा दावा लावते. लवादाचं कलम आणि भरपाईचा आकडा मला कळवा. आमच्या वकीलबाईंना विचारून पाहते की तासाभराच्या सल्ल्याला त्या किती घेतील.