१४ महिन्यांची मुलगी सारखी अंगावर पिते, जेवतच नाही. दूध तोडू का?

तोडू नका, वेळा बदला. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपवताना आणि रात्री पाजा. जेवणाआधी तास-दीड तास मात्र अंगावर घेऊ नका. पोटात भूक असली की घास जातो. या वयात आईच्या दुधातून साधारण एक तृतीयांश ऊर्जा मिळते, बाकीची ताटातूनच यायला हवी. लोह तर दुधात फारच कमी. म्हणून वरणाचं नुसतं पाणी नको. मऊ भात, घट्ट वरण, वर तूप, कधी अंडं. माझा लेक त्याच्या वाटीतलं थुंकायचा, पण माझ्या ताटातली आमटीत कुस्करलेली भाकरी मिटक्या मारत खायचा! दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं द्या. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारणी काहीही म्हणोत, दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही पाजायला हरकत नाही.