'अत्तदीप'मधला दीप दिवा नव्हे

प्रश्न असा आहे: 'अत्त दीप भव' म्हणजे 'स्वतःच स्वतःचा प्रकाश हो'. मग देव न मानणारा, स्वतःच्या बुद्धीपलीकडे कुणाची सत्ता न मानणारा कट्टर व्यक्तिवादी माणूस स्वतःला बौद्ध म्हणवू शकतो का?

आधी वचन नीट लिहू या. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आणि मोबाइलच्या स्टेटसवर ते 'कुणाचं ऐकू नका, स्वतःचंच खरं करा' अशा अर्थाने फिरतं आणि दरवेळी डोक्यात तिडीक जाते. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या पाली महापरिनिब्बान सुत्तात 'भव' नाहीच. तिथे आहे 'अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा'. म्हणजे स्वतःला दीप आणि आसरा करून राहा, धम्माला दीप आणि आसरा करून राहा, दुसरा आसरा शोधू नका. 'विहरथ' हे अनेकवचन: समोर एकटा शिष्य आनंद, पण सांगणं सगळ्या भिक्खूंना. आणि 'धम्मदीपा' हा उत्तरार्ध बॅनरवाल्यांनी सफाईने गाळला आहे.

देव न मानण्याची अडचण नाही, बौद्ध विचाराला जगाचा कर्ता लागतच नाही. अडचण आहे ती व्यक्तीची. कायमचा, स्वतंत्र 'मी' कुठे सापडत नाही असं जन्मभर सांगणारा माणूस शेवटच्या दिवसांत त्याच 'मी'ला गादीवर बसवेल? इथला 'अत्त' म्हणजे साधं 'स्वतः', उपनिषदांतला आत्मा नव्हे. बाबासाहेब 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तर रोखठोक म्हणतात की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म टाळता येत नाही. तेव्हा निरीश्वरवादी चालेल, स्वतःच्या डोक्याने विचार करणारा तर हवाच. 'मी आणि माझं' एवढ्यावर थांबणाऱ्याने मात्र दुसरी पाटी लावावी.

आता खरी मजा. पालीत संस्कृतातल्या 'दीप' आणि 'द्वीप' या दोन्ही शब्दांचं 'दीप'च होतं. मग इथला दीप कोणता? संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात 'आत्मद्वीप' आहे, म्हणजे बेट. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी पाली टीका, तीही महासमुद्रातल्या बेटाचाच दाखला देते. धम्मपद म्हणतं, शहाण्याने असा दीप करावा की जो ओघात बुडणार नाही. दिवा पुरात बुडत नाही, विझतो! तरी पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स साहेबांनी १८८१ च्या इंग्रजी भाषांतरात दिवा लावला आणि आपल्याकडच्या विद्वानांनी तो अजून मालवलेला नाही. 'दोन्ही अर्थ चालतात' म्हणणाऱ्यांनी प्रसंग तरी बघावा. वैशालीजवळचं बेलुव गाव, गंगेच्या खोऱ्यातला वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम), ऐंशीच्या घरातले बुद्ध नुकतेच जबर दुखण्यातून उठलेले. ते म्हणतात, जुनी बैलगाडी वाद्या बांधून चालवावी तसा हा देह चालला आहे. चहूकडे पाणी असताना माणूस आधी काय शोधेल, उजेड की पाय टेकायला कोरडी जमीन?

'द्वीप'ची फोड तर फारच गोड: द्वि अधिक अप्, दोन्हीकडे पाणी. पाणिनीचा नियमच आहे की द्वि, अंतर् आणि उपसर्ग यांच्यापुढे 'अप्'मधल्या 'अ'चा 'ई' होतो. त्यातून द्वीप, अंतरीप, प्रतीप आणि (हे कुणी सांगत नाही) समीप. म्हणजे बेट आणि जवळीक एकाच पाण्यातून निघाली. बेट म्हणजे एकलकोंडेपणा असं मानणाऱ्यांनी हे जरूर लिहून ठेवावं.

हा गोंधळ पालीपुरताच नाही. मराठीत दीपाचा दिवा झाला आणि द्वीपाचं दीव. गुजरातच्या किनाऱ्यावरचं दीव हे तेच. गोव्यात मांडवीतलं दिवाडी बेट घ्या. मूळचं सप्तकोटेश्वराचं देऊळ इथलं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. या दिवाडी बेटाचं पौराणिक नाव 'दीपवती' सांगतात. माझं ठाम मत आहे की कुणा शास्त्रीबुवाने बोलीतल्या 'दिव'चं संस्कृत करताना तो एक 'व' खाल्ला. मूळ नाव द्वीपवतीच असणार. चारी बाजूंनी पाणी असलेल्या गावाला दिव्यावरून कोण ओळखेल हो?