दुसरा बॅकनेट राउटर जोडल्यावर कंट्रोलर गायब का होतात, आणि राउटर बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इमारतीच्या दोन मजल्यांवर वातानुकूलनाच्या कंट्रोलरांच्या दोन स्वतंत्र एमएस/टीपी (केबलच्या जोडवायरवर चालणाऱ्या बॅकनेटच्या) साखळ्या आहेत आणि प्रत्येक साखळीसाठी एक बॅकनेट राउटर आहे; बॅकनेट म्हणजे इमारतीतील यंत्रणांची एकमेकांशी बोलण्याची सामाईक भाषा. दोन्ही राउटर आणि देखरेखीचा सर्व्हर एकाच आयपी सबनेटमध्ये आहेत. पहिला राउटर जोडला तेव्हा सर्व काही सुरळीत होते. त्याच्याच सेटिंगची फाइल दुसऱ्यावर चढवून, फक्त आयपी ॲड्रेस बदलून तो जोडला, तेव्हापासून कधी एका तर कधी दुसऱ्या मजल्याचे कंट्रोलर ऑफलाइन होतात आणि मधूनच एका मजल्याचे तापमान दुसऱ्याच्या नावाखाली दिसते. पिंगला मात्र दोन्ही राउटर उत्तर देतात, म्हणून तुमचा संशय वायरिंगवर आहे.

वायरिंगकडे मी पुढे येतो, परंतु तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून दोष जवळजवळ निश्चितपणे नेटवर्क क्रमांकात आहे. फाइल जशीच्या तशी चढवल्यामुळे दोन्ही राउटरांच्या एमएस/टीपी बाजूला एकच नेटवर्क क्रमांक राहिला असणार. हे दुरुस्त होईपर्यंत सर्व्हरवरून कंट्रोलरांना जाणारे आदेश आणि वेळापत्रके कृपया थांबवून ठेवा. त्याचे कारण गंभीर आहे आणि ते समजून घेतले की पुढची सर्व सेटिंग आपोआप उलगडतात.

बॅकनेटमधील राउटर आणि संगणक नेटवर्कमधील नेहमीचा राउटर ही दोन वेगळ्या पातळ्यांवर काम करणारी उपकरणे आहेत. बॅकनेट हे मानक १९९५ मध्ये ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात एमएस/टीपी, आर्कनेट, इथरनेट अशी वेगवेगळी माध्यमे होती. आयपीवरून चालणारे बॅकनेट १९९९ मध्ये त्यात आले. ही भिन्न माध्यमे एकमेकांना जोडता यावीत म्हणून बॅकनेटने स्वतःचा वेगळा नेटवर्क थर ठेवला आहे आणि त्यात प्रत्येक जाळ्याला १ ते ६५५३४ यांमधील एक क्रमांक द्यावा लागतो. कंट्रोलरचा पूर्ण पत्ता म्हणजे हा नेटवर्क क्रमांक आणि त्या साखळीतील त्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा क्रमांक) यांची जोडी. राउटरचा आयपी ॲड्रेस या पत्त्याचा भाग नसतो, आणि म्हणूनच पिंग यशस्वी झाल्याने बॅकनेटचे राउटिंग बरोबर आहे हे सिद्ध होत नाही.

आता तुमच्याकडे काय घडत आहे ते पाहू. दोन्ही साखळ्यांना २००१ हा क्रमांक आहे आणि दोन्हींत मॅक ॲड्रेस ५ असलेला एकेक कंट्रोलर आहे असे धरा. सर्व्हरला दुसऱ्या मजल्यावरील कंट्रोलरचे तापमान वाचायचे आहे, म्हणून तो नेटवर्कवर विचारतो की २००१ कडे जाणारा राउटर कोणता. दोन्ही राउटर ‘मी’ म्हणून उत्तर देतात आणि सर्व्हर त्यांपैकी एकाचा आयपी ॲड्रेस लक्षात ठेवतो. तो पहिल्या मजल्याचा असला, तर वाचनाची विनंती पहिल्या मजल्यावरील ५ क्रमांकाच्या कंट्रोलरकडे जाते. त्याच्याकडेही ‘ॲनालॉग इनपुट १’ या नावाचे मोजलेले मूल्य आहे, त्यामुळे तो कोणतीही चूक न कळवता स्वतःचे तापमान पाठवून देतो. काही वेळाने सर्व्हरच्या स्मरणात दुसऱ्या राउटरचा ॲड्रेस येतो आणि चित्र उलटते. ज्यांचा ॲड्रेस दोन्हींपैकी फक्त एका साखळीत आहे ते कंट्रोलर या काळात ऑफलाइन दिसतात. वाचनाचे जे होते तेच लेखनाचेही होते: व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश भलत्याच मजल्यावर पोहोचू शकतो, आणि आदेश पाळला गेल्याची पोचही येते.

अंदाजावर राहू नका, डोळ्यांनी खात्री करून घ्या. सर्व्हरवर वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम) चालवून यूडीपी पोर्ट ४७८०८ वरचेच पॅकेट दिसतील असा फिल्टर लावा आणि सर्व्हरला कंट्रोलर नव्याने शोधायला सांगा. ‘आय-ॲम-राउटर-टू-नेटवर्क’ या संदेशाच्या ओळी पाहा. प्रत्येक ओळीत पाठवणाऱ्याचा आयपी ॲड्रेस असतो आणि ओळ उघडली की आत तो राउटर ज्या नेटवर्कपर्यंत पोहोचवतो त्यांचे क्रमांक असतात. एकच क्रमांक दोन वेगळ्या आयपी ॲड्रेसवरून जाहीर होताना दिसला की निदान पक्के झाले. वर्षानुवर्षे हे काम करताना मी अशा तक्रारींत पहिल्यांदा हीच तपासणी करतो, कारण तिला काही मिनिटे लागतात आणि ती छतातल्या केबली उघडण्याचे श्रम वाचवते.

दुरुस्तीसाठी आधी कागदावर आराखडा करा. आयपी बाजूचे जाळे एकच आहे, म्हणून त्याचा क्रमांक दोन्ही राउटरांवर सारखाच हवा; समजा १. एमएस/टीपी बाजूचे क्रमांक मात्र संपूर्ण प्रणालीत एकमेव हवेत. समजा पहिल्या मजल्याला १००१ आणि दुसऱ्याला १००२. या दोन नियमांची अदलाबदल पुष्कळ जण करतात. प्रत्येक राउटर वेगळा म्हणून आयपी बाजूलाही वेगळा क्रमांक देतात, आणि मग एकाच जाळ्याला दोन ओळखी मिळून नवा गोंधळ सुरू होतो. फाइलसोबत आलेली आणखी एक गोष्टही तपासा: राउटर स्वतःही एक बॅकनेट उपकरण असतो आणि त्याला स्वतःचा डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, असतो, तोही दोन्हीकडे सारखाच राहिला असेल. हा इन्स्टन्स ० ते ४१९४३०२ यांमधील असतो आणि संपूर्ण प्रणालीत एकदाच वापरता येतो. मी नेटवर्क क्रमांकाला १००० ने गुणून त्यात मॅक ॲड्रेस मिळवतो, म्हणजे १००१ वरील पाचव्या कंट्रोलरचा इन्स्टन्स १००१००५ होतो आणि आकडा वाचताच कंट्रोलर कोणत्या साखळीवर आहे ते कळते. त्यासाठी नेटवर्क क्रमांक ४१९४ च्या आत ठेवावे लागतात, एवढेच पथ्य.

क्रमांक बदलल्यावर दोन्ही राउटर आणि सर्व्हरवरील बॅकनेटची सेवा पुन्हा सुरू करा आणि कंट्रोलर नव्याने शोधा, अन्यथा सर्व्हर जुन्या पत्त्यांवरच विचारत राहील. एखादा कंट्रोलर थेट दुसऱ्या साखळीवरील कंट्रोलरकडून मूल्य घेत असेल आणि तिथे पत्ता हाताने भरलेला असेल, तर तोही बदलावा लागेल.

आयपी बाजूला स्थिर ॲड्रेस द्या आणि सबनेट मास्क काळजीपूर्वक भरा. बॅकनेटचा शोध ब्रॉडकास्टवर, म्हणजे सर्वांना एकदम पाठवलेल्या संदेशावर, चालतो आणि ब्रॉडकास्टचा पत्ता मास्कवरून ठरतो. १९२.१६८.१०.२० या ॲड्रेसला २५५.२५५.२५५.० हा मास्क असेल तर ब्रॉडकास्ट १९२.१६८.१०.२५५ वर जातो, चुकून २५५.२५५.०.० भरला तर तो १९२.१६८.२५५.२५५ वर जातो आणि बाकीच्यांपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळीही पिंग व्यवस्थित चालते. पोर्ट सर्वत्र ४७८०८ च ठेवा.

तुमच्याकडे एकच सबनेट असल्यामुळे बीबीएमडी (ब्रॉडकास्ट दुसऱ्या सबनेटमध्ये पोहोचवणारी) ही सुविधा दोन्ही राउटरांवर बंद ठेवा. आयपीचे नेहमीचे राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाहीत, म्हणून सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये गेला तरच तिची गरज पडते. तेव्हाही प्रत्येक सबनेटमध्ये एकच बीबीएमडी चालू हवा आणि सर्वांच्या ब्रॉडकास्ट सूचीत सारख्याच नोंदी हव्यात. एका सबनेटमध्ये दोन चालू राहिले तर तेच संदेश पुन्हा पुन्हा फिरून जाळे तुंबते. त्याच जातीची चूक म्हणजे ‘एक बंद पडला तर दुसरा असावा’ या विचाराने एकाच साखळीला दोन राउटर जोडणे. बॅकनेटमध्ये कोणत्याही दोन नेटवर्कांमध्ये एकच मार्ग असावा लागतो, त्यामुळे हा मोह टाळावा.

एमएस/टीपी बाजूला बॉड रेट (संदेश पाठवण्याचा वेग) साखळीतील सर्व उपकरणांचा एकच हवा. काही कंट्रोलर तो आपोआप ओळखतात, पण ओळखण्यासाठी आधी कोणीतरी निश्चित वेगाने बोलावे लागते, म्हणून राउटरवर तो ठरवून ठेवा. टोकन (बोलण्याची पाळी) फिरवणाऱ्या उपकरणांचे मॅक ॲड्रेस ० ते १२७ यांमध्ये असतात. राउटरला मी ० देतो आणि कंट्रोलर १ पासून सलग लावतो. दोन साखळ्यांवर तेच ॲड्रेस पुन्हा आले तरी हरकत नाही. ‘मॅक्स मास्टर’ हे सेटिंग मूळचे १२७ असते, म्हणजे साखळीत वीसच कंट्रोलर असले तरी पुढचे शंभर ॲड्रेस वेळोवेळी विचारले जातात. ते कमी केल्याने वेळ वाचतो, मात्र सर्वांत मोठ्या वापरातील ॲड्रेसपेक्षा कमी केले तर वरच्या कंट्रोलरला टोकनच मिळत नाही आणि तो निरोगी असूनही दिसत नाही. भविष्यातील वाढीसाठी थोडी जागा सोडून हे सेटिंग सर्व उपकरणांवर सारखेच ठेवावे.

‘मॅक्स इन्फो फ्रेम्स’ याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाच्या सेटिंगांपैकी एक वाटते. एकदा टोकन हाती आल्यावर किती संदेश पाठवता येतील हे त्यावर ठरते. कंट्रोलरसाठी १ पुरेसे आहे. राउटरकडे मात्र सर्व्हरच्या सगळ्या विनंत्या रांगेत उभ्या असतात. त्यालाही १ च दिला तर प्रत्येक फेरीत एकच विनंती पुढे सरकते आणि सर्व्हरवर कंट्रोलर विनाकारण ऑफलाइन होऊ लागतात. राउटरवर १० किंवा २० ठेवून परिणाम पाहा. तरीही माध्यमाची मर्यादा विसरू नये. ३८४०० बॉडला सेकंदाला जास्तीत जास्त ३८४० बाइट जातात आणि त्यातलाही बराच भाग टोकन फिरवण्यात खर्च होतो. दर सेकंदाला प्रत्येक मूल्य विचारण्याऐवजी, कंट्रोलरची सोय असेल तिथे मूल्य बदलल्यावरच कळवण्याची नोंदणी करावी आणि अनेक मूल्ये एकाच विनंतीत वाचावीत.

आता वायरिंग. केबल एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे सरळ साखळीने जावी, मध्येच फांद्या फुटू नयेत. शील्ड असलेली पिळाची जोडवायर वापरावी, एकूण लांबी १२०० मीटरच्या आत ठेवावी आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करावे. दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रेझिस्टर हवा. याची तपासणी सोपी आहे. साखळीवरील सर्व उपकरणांची वीज बंद करा आणि राउटरच्या टर्मिनलवर अधिक व उणे यांच्यामध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. सुमारे ६० ओहम आले तर दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत. १२० च्या जवळ आले तर एक गायब आहे. ४० च्या आसपास आले तर मधल्या एखाद्या कंट्रोलरवरील टर्मिनेशनचा स्विच चालू राहिला आहे. लांब केबलचा स्वतःचा रोध मिळून आकडा थोडा वर सरकतो, त्याने गोंधळू नका. बायस रेझिस्टर (कोणी बोलत नसताना लाइन स्थिर ठेवणारे) साखळीत कमीत कमी एका ठिकाणी हवेत आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी नकोत. बहुतेक राउटरांत ते स्विचने चालू करता येतात.

राउटरला २४ व्होल्ट एसी पुरवठा कंट्रोलरांच्याच ट्रान्सफॉर्मरवरून देणार असाल, तर दोन्ही उपकरणांची माहितीपत्रके आधी वाचा. अर्धतरंग रेक्टिफायर असलेल्या उपकरणांत ट्रान्सफॉर्मरची एक बाजू कॉमनला जोडलेली असते. एका उपकरणावर वायरी उलट लागल्या तर शॉर्ट होऊन उपकरणे जळतात. शक्य असेल तिथे राउटरला मी स्वतंत्र पुरवठा देतो.

सुरक्षेबाबत तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. बॅकनेट/आयपीमध्ये संदेश गुप्त नसतात आणि पाठवणाऱ्याची ओळखही तपासली जात नाही. पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही पंखा बंद करू शकतो. म्हणून ४७८०८ हे पोर्ट इंटरनेटकडे कधीही उघडू नका, राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि ही यंत्रणा कार्यालयीन संगणकांपासून वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या जाळ्यावर) ठेवा. नव्या प्रकल्पात, संदेश गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसवर चालणाऱ्या बॅकनेट/एससी या सुरक्षित प्रकाराचा विचार अवश्य करावा.

क्रमांक बदलून, सेवा पुन्हा सुरू करूनही तक्रार राहिली, तर दोन्ही राउटरांचे आयपी ॲड्रेस व मास्क, दोन्ही बाजूंचे नेटवर्क क्रमांक, बॉड रेट, मॅक्स मास्टर, मॅक्स इन्फो फ्रेम्स आणि प्रत्येक साखळीवर मोजलेला रोध इथे लिहा. त्यावरून पुढचे पाऊल सांगता येईल.