वाचक विचारतात : हृदयाच्या लॅबमधली माणसं

मागच्या अंकात आपण जोखमीचं गरोदरपण आणि बाळाचे जन्मजात हृदयदोष यावर लिहिलं होतं, की जन्माला येणाऱ्या १०० बाळांत साधारण एकाला हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि मोठ्या हॉस्पिटलांत यावर संशोधन करणाऱ्या टीम काम करतात. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न आजाराबद्दल नव्हताच, त्या माणसांबद्दल होता. मी स्वतः अशाच एका विभागात समुपदेशनाचं काम केलंय, त्यामुळे जे जवळून पाहिलंय तेच सांगते.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीची. विसावा आठवडा चालू आहे. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात काहीतरी शंका आली म्हणून मुंबईत फीटल इकोला, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीला, पाठवलं. बाहेर नंबरची वाट बघत बसलो होतो तर एक मुलगी फाइल घेऊन आली, म्हणाली आमचा अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का, रक्ताची एक ट्यूब आणि डिलिव्हरीनंतर वारेचा छोटा तुकडा लागेल. मी गांगरलेच. सासूबाई म्हणाल्या सही करू नकोस, आपल्या बाळावर प्रयोग करतील. ही माणसं नक्की कोण असतात?

उत्तर : सासूबाईंवर रागावू नका हं, त्या काळजीपोटी बोलतायत आणि सही करायच्या आधी थांबावं हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण प्रयोग हा शब्द इथे लागू होत नाही. वार डिलिव्हरीनंतर एरवी टाकूनच देतात, तिचा तुकडा घेतल्याने तुम्हाला किंवा बाळाला काही होत नाही, आणि रक्त बहुतेक वेळा नेहमीच्या तपासणीसाठी सुई टोचतात तेव्हाच एक ट्यूब जास्तीची भरून घेतात.

ती फाइलवाली मुलगी म्हणजे रिसर्च कोऑर्डिनेटर. ती तुमची डॉक्टर नाही, तुमच्या उपचाराचा कुठलाही निर्णय तिच्या हातात नाही. तिचं काम म्हणजे अभ्यास काय आहे ते तुम्हाला तुमच्या भाषेत समजावून सांगणं, सही घेणं, आणि मग तुमची प्रत्येक व्हिजिट, प्रत्येक रिपोर्ट, डिलिव्हरी कधी झाली, बाळाचं वजन किती, सगळं लिहून ठेवणं. इकोच्या खोलीत प्रोब हातात घेऊन बसतात ते फीटल मेडिसिनचे किंवा लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर. आपल्याकडे गरोदर बाईची सोनोग्राफी नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते. त्यांच्या मागे, तुम्हाला कधीच न दिसणारी माणसं असतात. टेक्निशियन, जो तुमची जांभळ्या झाकणाची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करतो आणि उणे ८० डिग्रीच्या फ्रीजरमध्ये नंबर टाकून ठेवतो. लेबर रूममधली सिस्टर, जी रात्री ३ वाजता बाळंतीण आणि बाळ दोन्ही सांभाळून वर फोन करते की या या, वार आलीये. आणि ते मामा किंवा मावशी जे बर्फाचा डबा घेऊन दोन जिने पळतात, कारण वारेच्या पेशींमधला आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप पोचवणारा रेणू, फार लवकर खराब होतो, उशीर झाला तर त्या तुकड्यातून पुढे काही वाचताच येत नाही. मला विचाराल तर सगळा अभ्यास या पळणाऱ्या माणसांवर उभा असतो आणि त्यांचं नाव पेपरवर कधी येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सह्यांचा गोंधळ. तुम्ही एका दिवसात दोन-तीन कागदांवर सह्या केल्या असतील आणि सगळे एकसारखेच वाटले असतील. सोनोग्राफीच्या आधीची सही ही कायद्याची असते, की मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही, तो १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा, आणि आपल्या महाराष्ट्राने त्याच्याही आधी १९८८ मध्ये स्वतःचा असा कायदा केला होता. गर्भजलाची तपासणी करायची ठरली तर तिची सही वेगळी. आणि अभ्यासात भाग घ्यायची सही या सगळ्यांपेक्षा वेगळी, ती पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. नाही म्हणालात तरी इको तसाच होणार, डॉक्टर तेच राहणार. हो म्हणून नंतर मन बदललं तरी बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही. माहितीपत्रक मराठीत मागा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे, सही केलेल्या कागदाची प्रत घरी न्या आणि त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे हक्क जपणाऱ्या समितीचा, नंबर आहे का बघा. आणि विचारा की माझं रक्त याच अभ्यासापुरतं वापरणार की पुढच्याही कामासाठी साठवून ठेवणार, कारण एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

पण आधी तुमचा इको होऊ दे. स्कॅनमध्ये शंका म्हणजे निदान नव्हे, कितीतरी जणींचा इको नॉर्मल येतो. आणि दोष निघालाच तर तो आत्ता कळणं बाळाच्या फायद्याचं असतं. पोटात असताना बाळ फुप्फुसं वापरतच नाही, ऑक्सिजन वारेतून येतो, म्हणून मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी आत ते मजेत वाढतं. खरी अडचण जन्मानंतर, कारण हृदयाजवळची एक छोटी नळी, डक्टस, काही तासांत किंवा दिवसांत मिटायला लागते आणि काही बाळांचं रक्ताभिसरण त्याच नळीवर अवलंबून असतं. आधी माहीत असेल तर डिलिव्हरी जिथे बालहृदयाचं ऑपरेशन होतं तिथेच ठरवता येते आणि ती नळी उघडी ठेवणारं औषध, प्रोस्टाग्लँडिन, लगेच चालू करता येतं. निदान गंभीर निघालं तर सगळे पर्याय डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि वेळ दवडू नका, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतरही २४ आठवड्यांच्या पुढे गर्भपाताची परवानगी फक्त मोठा दोष असेल तर आणि मेडिकल बोर्डाकडूनच मिळते. अभ्यासाच्या फॉर्मचं नंतर बघता येईल, ती मुलगी थांबेल.

प्रश्न : माझ्या बाळाला हृदयात छिद्र आहे. घरात सगळे म्हणतात की पाचव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा मी भाजी चिरली, शिवाय शेवटपर्यंत लोकलने नोकरीला जात होते. रात्र रात्र झोप येत नाही. खरंच माझ्यामुळे झालं का? – एक आई, नालासोपारा

उत्तर : नाही. तुमच्यामुळे नाही झालं. हे वाक्य कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असं लावा हवं तर.

बाळाचं हृदय गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी धडधडायला लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे कप्पे, पडदे, झडपा यांची रचना जवळजवळ पुरी होते. बऱ्याच बायकांची त्या वेळी पहिली सोनोग्राफीसुद्धा झालेली नसते. मग पाचव्या महिन्यातलं ग्रहण, विळी, दादरचा जिना, गर्दीतला धक्का यातलं काहीही मागे जाऊन तो पडदा कसा काय उघडणार? ज्या गोष्टींचा संबंध खरंच सापडलाय त्या वेगळ्या आहेत, जसं की गर्भ राहायच्या आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, फिट्सवरची किंवा मुरुमांवरची काही ठराविक औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न, गुणसूत्रांमधले बदल. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो. आणि एवढं सगळं तपासूनही बऱ्याच मुलांमध्ये एकच एक कारण हाती लागत नाही, म्हणून तर या लॅब चालू आहेत. मुंबईतल्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी झेब्राफिश नावाचे इवलेसे मासे पाळून संशोधन होतं. या माशाचा भ्रूण पारदर्शक असतो, त्यामुळे जिवंतपणीच आतलं हृदय तयार होताना दिसतं, आणि अनेक देशांत हृदयाच्या जनुकांचा अभ्यास असाच केला जातो. इतकी माणसं इतकी वर्षं डोळे लावून बसलीत आणि घरच्यांनी मात्र विळीवर निकाल लावून टाकला, हे मला सहन होत नाही. पुढच्या ओपीडीला नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच हा प्रश्न विचारा. आणि झोप येत नाही हेही तिथे सांगा, तोही उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : मी वसईत राहते, लाइफ सायन्समध्ये बीएस्सी करतेय. डॉक्टर न होता अशा लॅबमध्ये काम करता येतं का? – विद्यार्थिनी

उत्तर : येतं, आणि मी तर म्हणेन डॉक्टर नसलेल्यांशिवाय ती लॅब चालतच नाही.

व्हिवियन थॉमस यांची गोष्ट वाच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला लॅब टेक्निशियन, सुतारकाम शिकलेला कृष्णवर्णीय माणूस, कॉलेजात जायला पैसे उरले नाहीत. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंना निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी काहीतरी मार्ग हवा होता, सर्जन होते अल्फ्रेड ब्लॅलॉक, पण ते ऑपरेशन प्राण्यांवर करून करून बसवलं थॉमसने. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिल्या बाळाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगत होता. ऑपरेशनला नाव मात्र ब्लॅलॉक आणि टॉसिग या दोघांचंच लागलं आणि त्याला मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ मध्ये. आपल्या परळमध्येही १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबीचं काम झालं ते केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच्याच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. आनंदकुमार अशा जोडीने झालं, एकीकडे डॉक्टर आणि एकीकडे शास्त्रज्ञ. ती संस्था आजही परळलाच आहे आणि तिथे पीएचडी करता येते.

रस्ते बरेच आहेत गं. एमएस्सी करून नेट परीक्षेत वरचा नंबर काढलास तर जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळते, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा करून टेक्निशियन होता येतं. माणसांशी बोलायला आवडत असेल तर जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना सल्ला देणं, किंवा टिस किंवा निर्मला निकेतन या कॉलेजांतून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर. आकडे आवडत असतील तर बायोस्टॅटिस्टिक्स. पण एक गोष्ट आधीच सांगते, प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या प्रोजेक्ट संपला की संपतात, घरून विचारतील पर्मनंट कधी होणार आणि त्याला पटकन उत्तर नसतं. हे ठाऊक असूनही ओढ वाटत असेल तर सुट्टीतली इंटर्नशिप माग, आणि ओपीडीत बसायची परवानगी मिळते का ते नक्की विचार, कारण ट्यूबवरच्या नंबरामागचं माणूस एकदा पाहिलेलं असलं की हात आपोआप जपून काम करतात.

प्रश्न : आमच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आता तो ९ वर्षांचा आहे. ऑपरेशनच्या वेळी रिसर्चसाठी आमचं तिघांचं रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आजवर कुणी दिला नाही, फोन केला की होईल होईल म्हणतात. आता परत बोलावतायत. जावं का? – एक वडील, भांडुप

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं की रिसर्चची टेस्ट आणि हॉस्पिटलची टेस्ट यात फरक असतो. रिसर्चमध्ये शेकडो कुटुंबांची जनुकं एकत्र बघतात, बऱ्याचदा एखादा बदल सापडतो पण तो आजाराचा आहे की निव्वळ तुमच्या घराण्याची खूण हे अजून कुणालाच माहीत नसतं, आणि अशा अर्धवट माहितीवर कुणी दुसऱ्या मुलाचा किंवा लग्नाचा निर्णय घेऊ नये म्हणून ती हातात देत नाहीत. महत्त्वाचं काही सापडलं तर ते मान्यताप्राप्त लॅबमध्ये परत तपासून मगच सांगायचं असतं. पण म्हणून फोनवर नुसतं होईल होईल म्हणणं बरोबर नाही. माहितीपत्रक काढा, निकाल कळवणार की नाही हे त्यात लिहिलेलं असतं, आणि अभ्यासाच्या प्रमुखांना लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर एथिक्स कमिटीला.

परत जायचं की नाही हे तुमच्यावर, आणि हो, तुमच्या मुलावरही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ वर्षांवरच्या मुलाला त्याला कळेल अशा शब्दांत सांगून त्याची संमती घ्यायची असते. तो नको म्हणाला तर ते ऐकायला हवं. दुसरं मूल हवं असेल तर मात्र रिसर्चच्या रिपोर्टसाठी अडून राहू नका, बाकी काही दोष नसून फक्त हृदयदोष असेल तर पुढच्या मुलाला धोका साधारण १०० मध्ये २-३ असतो, काही प्रकारांत जास्त, तेव्हा जेनेटिक काउन्सेलरला भेटा आणि गरोदरपणात फीटल इको ठरवून ठेवा.

प्रश्न : बहीण पालघरजवळ असते. तिचं दोन महिन्यांचं बाळ दूध पिताना घामाघूम होतं, रडलं की ओठ निळे पडतात. तुम्ही लिहिलेल्या लॅबमध्ये थेट आणू का?

उत्तर : लॅबमध्ये नको, हॉस्पिटलमध्ये, आणि आजच. ही हृदयाची लक्षणं असू शकतात, पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघायला सांगा. निळेपणा वाढला, श्वास जोरात चालला किंवा बाळ मलूल वाटलं तर १०८ ला फोन करा. पैशांची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा, तो २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला होता, त्यात जन्मजात हृदयदोष येतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. मुंबईला पाठवलं तर परळचं वाडिया आहे, १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालणारं. येताना बाळाच्या कागदांबरोबर बहिणीची गरोदरपणाची फाइलही आणा, साखरेचे रिपोर्ट, सोनोग्राफी, घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं. आणि बाळ निळं पडतं तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला असेल तर तो डॉक्टरांना आधी दाखवा.