घरचा क्लाउड: भाडं वाचेल, पण किती?

तुमचा बेत असा: पाच जणांचे फोटो आणि कागदपत्रं ज्या २ टीबीच्या सशुल्क क्लाउडवर आहेत तो बंद करायचा, एक छोटा सर्व्हर आणि डिस्क घ्यायची, डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर, चालवायचं आणि क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या टनेलमधून, म्हणजे तिच्या सर्व्हरमार्गे घरापर्यंत येणाऱ्या जोडणीतून, ते बाहेरून वापरायचं. सॉफ्टवेअर फुकट, म्हणून तीन वर्षांत पैसे वसूल.

या हिशेबात डिस्क एकच धरलीय, आणि घोळ तिथेच आहे. डिस्क कधीतरी जाणारच. एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवरही उमटेल अशा (मिरर) दोन केल्या, तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. त्याला बॅकअप म्हणत नाहीत. म्हणजे तिसरी डिस्क, शिवाय घराबाहेर एक प्रत. एवढं धरलं की तुमची तीन वर्षं सहज पाच-सहा होतात, आणि तोवर पहिली डिस्क बदलायला आलेली असते.

विजेचंही बघा. १० वॅटचं यंत्र अखंड चालू राहिलं तर वर्षाला सुमारे ८८ युनिट लागतात. ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ५२५ युनिट खातो. पडून असलेला पीसी फुकटात पडत नाही, तो असा.

टनेलची निवड पैशाच्या दृष्टीने चांगली: स्थिर आयपी (घरच्या इंटरनेटचा न बदलणारा पत्ता) नको, राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायला नको, खर्च फक्त डोमेनच्या, म्हणजे वेबपत्त्याच्या, वार्षिक नूतनीकरणाचा. पण खाजगीपणासाठी हे करत असाल, तर एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उघडतं हे लक्षात असू द्या. फक्त घरच्यांसाठी वायरगार्ड (आपल्याच उपकरणांना थेट जोडणारं व्हीपीएन) पुरे.

सगळ्यात महाग तुमचा वेळ. नेक्स्टक्लाउडला मोठी आवृत्ती ओलांडून पुढची घेता येत नाही, एकेक करत जावं लागतं. वर्षभर दुर्लक्ष केलंत की एक रविवार गेला. (हौस असेल तर तो रविवार खर्चात धरू नका; मीही धरणार नाही.) आणि तुम्ही आजारी पडलात तर? पासवर्ड आणि पुन्हा उभारणीच्या पायऱ्या कागदावर लिहून विम्याच्या फाइलमध्ये ठेवा.

माझं मत: करा, पण बचत म्हणून नको. पहिलं वर्ष सबस्क्रिप्शन चालू राहू द्या. डेटाबेससकट (नेक्स्टक्लाउडच्या नोंदी त्यात असतात) घेतलेला बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा राहतो का, ते करून पाहा. जमलं तर क्लाउडचा प्लॅन लहान करा, बंद नको: पुन्हा न मिळणाऱ्या फाइली एन्क्रिप्ट करून तिथे ठेवल्या, की घराबाहेरची प्रत तीच.