पल्प, लगदा आणि खजिना

प्रश्न असा आहे: ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या ‘राल्फ १२४सी ४१+’ या कादंबरीची ओळख मराठीत करून द्यायची आहे, ‘मासिकाच्या संपादकाची अभिजात लगदा विज्ञानकथा, आता नव्या आवृत्तीत’ हे चालेल का?

नाही चालणार. ‘लगदा विज्ञानकथा’ वाचलं की मला आजीने रद्दी भिजवून, मेथ्या घालून कुटलेला आणि पालथ्या पातेल्यावर थापलेला लगदा दिसतो. त्याची टोपली होते, कथा नाही. ‘पल्प’ म्हणजे लगदा हे खरं, पण इंग्रजीत त्याचा रोख लगद्यावर नाही, त्यापासून केलेल्या हलक्या कागदावर आणि त्यावर छापल्या जाणाऱ्या स्वस्त कथामासिकांवर आहे. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्या कागदात तसंच राहतं, म्हणून पानं पिवळी पडतात आणि कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो.

‘नवी आवृत्ती’ही जपून लिहा. मजकुरात काही भर, काही दुरुस्ती असेल तर आवृत्ती. होतं तेच छापलं तर पुनर्मुद्रण. आपल्याकडे मुखपृष्ठावर दिमाखात ‘पाचवी आवृत्ती’ असते आणि आत एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नसतो. असो.

तुमच्या वाक्यातल्या खऱ्या गमतीच्या शब्दाबद्दल मात्र तुम्ही विचारलंच नाही. तो म्हणजे मासिक! परवाच एकाने मला ‘आमचं त्रैमासिक मासिक’ पाठवतो म्हणून सांगितलं. दोष त्याचा नाही. अंक कधी येणार एवढंच ‘मासिक’ सांगतं. आत काय आहे ते ‘मॅगझीन’ सांगतं. अरबीत ख-ज़-न हा धातू, अर्थ साठवून ठेवणे. त्यावरून मख़ज़न म्हणजे कोठार, अनेकवचन मख़ाज़िन. इटालियनांनी त्याचं मागाझ्झीनो केलं, फ्रेंचांनी मागाझँ (तिकडे आता ते साधं दुकान), पोर्तुगीजांनी अरबी ‘अल्’सकट उचलून आर्माझें. लंडनच्या एडवर्ड केव्हने १७३१ साली आपल्या नियतकालिकाला ‘जंटलमन्स मॅगझीन’ नाव दिलं, ते निवडक मजकुराचं कोठार म्हणून. बंदुकीचं मॅगझीन आणि दारूगोळ्याचं मॅगझीन, दोन्ही त्याच घरातली.

आणि याच धातूचा आपला शब्द कोणता? खजिना! म्हणजे मॅगझीन आणि खजिना सख्खे नाहीत, पण मावसभाऊ नक्की. यावर एका प्राध्यापक मित्राचं म्हणणं, एक शब्द इंग्रजीतून आला, दुसरा फारसीतून, तेव्हा मराठीपुरतं हे नातं निरर्थक. कमाल आहे. दोन भाऊ वेगवेगळ्या गाड्यांनी लग्नाला आले म्हणून काय त्यांचं नातं संपतं? लाहोरच्या उर्दूवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. १९०१ मध्ये त्यांनी मासिक काढलं आणि नाव ठेवलं ‘मख़ज़न’. कवी इक्बालांची ‘हिमाला’ ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात आली. माझं तर म्हणणं, मराठीनेही कालावधीच्या बेडीतून सुटून सरळ ‘खजिना’ म्हणावं. कोणी ऐकत नाही, ते सोडा.

गर्न्सबॅकच्या बाबतीत तर कोठार अक्षरशः खरं. हे गृहस्थ मूळचे लक्झेंबर्गचे. न्यूयॉर्कला बिनतारी यंत्रांचे सुटे भाग टपालाने विकायचे. त्या मालाच्या सूचीतूनच त्यांचं ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक निघालं आणि एप्रिल १९११ पासून ‘राल्फ’ त्यातच बारा हप्त्यांत आली. म्हणजे इसवी सन २६६० ची प्रेमकथा वाचणारे कोण, तर घरी तारा गुंडाळत बसणारे हौशी! पुस्तक झालं १९२५ मध्ये. त्यांचं विज्ञानकथांचं मासिक ‘अमेझिंग स्टोरीज’ निघालं १९२६ मध्ये, तेसुद्धा सुरुवातीला पल्पच्या नेहमीच्या आकाराहून मोठं होतं. तेव्हा या कादंबरीला पल्प म्हणावं का, इथूनच वाद आहे. म्हणायचंच असेल तर पल्पच म्हणा, लगदा नको.

एक राहिलं. नावातले आकडे ‘एकशे चोवीस’ असे वाचू नका. वन टू फोर सी फोर वन असं भरभर म्हणा, म्हणजे ‘वन टू फोरसी फॉर वन’, एकासाठी पुढचं पाहणारा, हा श्लेष कानावर पडेल. शेवटचं अधिकचिन्ह म्हणजे मानाचा तुरा, कादंबरीतल्या जगात फक्त दहा जणांना लावता येणारा. याचं मराठी मला अजून जमलेलं नाही.